झेंडूखालचा दिवा

त्या बाईनं बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबला, उचलला, आणि डोळे बारीक करून त्या जागेकडं बघत राहिली. झालं ते एवढंच. मी रस्त्याच्या अलीकडं कॉफीच्या गाड्यापाशी उभा होतो, एका हातात अर्ध्या कॉफीचा पेला आणि काखेत तीन किलोचा कोहळा. समोरच्या प्रसूती रुग्णालयाच्या पायऱ्यांवर सकाळच्या उन्हाचा एक पट्टा पडला होता, त्यात ती पांढऱ्या साडीतली सिस्टर उभी होती. बाळ बघून झालं, ती आत गेली, आणि चार-पाच मिनिटांनी दुसरं घेऊन आली. पुन्हा तेच. नाक, कपाळ, छाती. अंगठा दाबायचा, उचलायचा, बघायचं. तिसरं बाळ आलं तोवर माझी कॉफी निवली. आमच्या बंगळुरात बाय-टू, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले, मागितली की उरलेली अर्धी शेजारचा कोणीतरी घेतोच. आज ती एका रिक्षावाल्यानं घेतली होती. त्याला मी विचारलं, ‘काय करतेय हो ती?’ ‘कावीळ बघतेय,’ तो म्हणाला. ‘वर वॉर्डात रंगच कळत नाही म्हणे. त्या निळ्या काचा बसवल्यात ना. वर सगळी पोरं कृष्णासारखी दिसतात, पोरीसुद्धा!’ आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन तो खो-खो हसला. मीही हसलो. हे सांगायलाच हवं, की मी हसलो. मग कोहळा काखेतून निसटायला लागला म्हणून मी बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

काच माझी आहे. म्हणजे ओतली मी नाही, कापली मी नाही, पण त्या दोन काचांच्या मध्ये, केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असा टंगस्टनचा जो लेप आहे, तो माझा. ऊन चढलं की त्याला थोडा करंट द्यायचा. लिथियमचे कण लेपात शिरतात, काच निळी होते, ऊन बाहेरच्या बाहेर. ऊन उतरलं की उलटा करंट. कण बाहेर, काच स्वच्छ. पडदा नको, एसीवर भार नको. गेली अठरा वर्षं यशवंतपूरच्या त्या प्रयोगशाळेत मी दुसरं काही केलेलं नाही. बायको, सुमंगला, पाहुण्यांना सांगते, ‘यांना काही विचारू नका, हे खिडकीबाहेर बघत नाहीत, खिडकीकडंच बघतात.’ ही इमारत बांधायला काढली तेव्हा तिचे आर्किटेक्ट नकाशा घेऊन माझ्याकडं आले होते. पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी चांगले हातभर छज्जे काढले होते. ‘पन्नास हजार वेळा निळी-पांढरी होऊनही काच टिकते, असं तुमच्या अहवालात आहे,’ ते म्हणाले. ‘पक्कं ना? मग मी हे छज्जे काढून टाकतो. पडद्यांच्या दांड्यासुद्धा नकोत.’ मी म्हणालो, ‘पक्कं.’ त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीनं एकेक छज्जा खोडला. मी त्यांना कॉफी पाजली आणि दारापर्यंत सोडायला गेलो. इमारत उभी राहून साडेतीन वर्षं झाली. साडेतीन वर्षांत मी या रस्त्यानं आलो नव्हतो. आज आलो तो कोहळ्यापायी. उद्या आयुधपूजा, मशीनपुढं कोहळा फोडायचा, आणि मल्लेश्वरमच्या मंडईत चांगला कोहळा मिळाला नाही म्हणून कोणीतरी म्हणालं, पलीकडच्या गल्लीत बघा. कोहळा मिळाला. मग कॉफीची तल्लफ आली. माणूस असा सापडतो.

आयुधपूजेला आमच्याकडं मशीनला सुट्टी असते. शाळेची घंटा असो, बसचं स्टिअरिंग असो, शिंप्याची कात्री असो, त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही. लावायचा तो नमस्काराला. आम्ही एवढे शिकलेसवरलेले, पण आदल्या संध्याकाळी सगळी यंत्रं पुसून, बंद करून, हळदकुंकू लावून, झेंडू चढवून घरी जातो. सात वर्षांपूर्वीच्या आयुधपूजेला प्रयोगशाळेतल्या टेबलावर, तपासणीच्या मशीनला जोडलेली सतरा नंबरची काच होती, तळहाताएवढी. चार मिनिटांत एक फेरा, निळी-पांढरी, दिवसाला तीनशे साठ. पन्नास हजार फेरे दाखवले की पुढचा प्रकल्प मंजूर, आमच्या गटाचं नाव, माझी बढती, सगळं. आणि नऊ हजारावर सतरा नंबर दमली. पाहुणे येतात, चहा घेतात, जातात. पण एखादा मुक्कामच ठोकतो, तसे लिथियमचे कण लेपात अडकून बसले होते. काच धड निळी होईना, धड पांढरी होईना. आकाशात पावसाळी ढग असताना असतो तसला एक मेलेला निळा रंग. मी तो तीन दिवस बघत होतो आणि कोणाला बोलत नव्हतो. पूजेच्या आदल्या संध्याकाळी सगळे मुरमुरे-फुटाण्यांच्या पुड्या घेऊन घरी गेले, मी मागं राहिलो. मनात एक कल्पना होती, खरं सांगायचं तर चांगली कल्पना होती: उलटा करंट जरा जोरानं लावायचा, आणि तासन्‌तास लावून ठेवायचा, अडकलेला कण न्‌ कण ओढून काढायचा. तीन दिवसांची सुट्टी. मशीन बंद आहे असं सगळ्या जगाला माहीत. मी ते चालू केलं, आणि पुढं हिरवा दिवा लागला तो दिसू नये म्हणून एक टपोरा झेंडू घेऊन त्याच्यावर चिकटवला. हळदकुंकवाच्या बोटांनीच चिकटवला. सुट्टीनंतर काच कोवळी झाली होती, काल केल्यासारखी. मी मोजणी नऊ हजारापासून पुढं चालू केली.

फोन वाजला. डॉ. पट्टाभिराम, आमचे प्रमुख. ‘नागभूषण, कोहळा मिळाला का? मोठा घे हं, मागच्यासारखा लिंबाएवढा नको. यंदा आणखी पाच रुग्णालयांचं काम येतंय, दृष्ट लागायला नको मशीनला.’ मी म्हणालो, ‘मोठा आहे सार.’ ‘आणि बाराच्या आत ये. त्या अहवालावर तुझी पुन्हा सही लागते, जुनाच आहे, नुसती तारीख बदललीय. उद्यापासून सुट्टी.’ मी हो म्हणालो. त्यांचा आवाज नेहमीसारखा प्रेमळ होता. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांना काहीच माहीत नाही. त्या वर्षी दिवाळीला मी पुन्हा तसंच केलं, मग नाताळात, मग संक्रांतीला. आणि ते सगळ्यांना सांगत फिरायचे, ‘आमचं मशीन फार धार्मिक आहे हो, सणासुदीला विश्रांती मिळाली की दुप्पट जोमानं कामाला लागतं.’ अहवालात मात्र शब्द होता ‘अखंड’. तो शब्द माझा. त्याच्यासाठी मी दहा मिनिटं विचार केला होता, ‘सलग’ लिहावं की ‘अखंड’.

नेत्रावतीनं तो झेंडू काढला. तीच एकटी. तिपटूरची पोर, पंचविशीची, माझ्याकडं संशोधनाला होती. बापाच्या नारळीच्या बागा, दर खेपेला खोबऱ्याची पिशवी घेऊन यायची आणि सगळ्या प्रयोगशाळेला जाडं करायची. ती त्याच सुट्टीत, विजयादशमीला सकाळी आली, गावाहून थेट, पिशवी ठेवायला. मीही तिथंच होतो. मला घरात चैन पडत नव्हतं. ‘सार, तुम्ही? सुट्टीला?’ म्हणत तिनं चपला दाराशी काढल्या, मशीनपाशी गेली, नमस्काराला हात लावला, आणि डोळ्यांकडं न्यायला उचललेला तो हात मधेच थांबला. अजून मला तो हात तसाच दिसतो. ‘सार, मशीन गरम आहे.’ तिनं पुन्हा हात लावला, मग झेंडू हळूच उचलला, खाली हिरवा दिवा. माझ्याकडं बघितलं. काय सोपं होतं त्या क्षणी! म्हणायचं होतं, ‘अगं ये, बघ, मी काय करून बघतोय.’ ती नाचली असती. मी म्हणालो, ‘देवी आली असेल मशीनच्या अंगात,’ आणि तिच्या हातातून फूल घेऊन होतं तिथं लावलं. ती हसली नाही. तिनं त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं, मशीन सुट्टीत चालू, उलटा करंट, सरांना विचारणे. हे मला पुढं कळलं, कारण तिनं विचारलं. सगळ्यांच्या बैठकीत, सरळपणानं, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं. मी तोच देवीचा विनोद पुन्हा केला आणि सगळे हसले. मग मी म्हणालो, तारा नीट जोडता येत नाहीत आणि मोठमोठ्या शंका काढता येतात. आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही. मग खोलीत बोलावून एक कागद पुढं केला, म्हटलं, गटातलं वातावरण बिघडलंय, एवढं लिहून दे, विषय संपवू. तिनं लिहून दिलं: ‘मला जे दिसलं ते चुकीचं दिसलं असावं. चूक माझी आहे.’ मजकूर मी सांगितला होता. लिहिताना तिनं एकदाच विचारलं, ‘सार, “असावं” ठेवू ना?’ मी म्हणालो, ठेव. दोन महिन्यांनी ती संशोधन सोडून गावी गेली. आता तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांमागं तुमकूरच्या बसस्टँडवर ती मला दिसली होती, कडेवर मूल, आणि मी, पन्नाशीचा माणूस, संडासाच्या भिंतीआड जाऊन उभा राहिलो, तिची बस सुटेपर्यंत.

रिक्षावाला कधीच गेला होता. मी रस्ता ओलांडला. का ओलांडला ते मला सांगता येणार नाही. उठलो तेव्हा प्रयोगशाळेत जायचं असंच मनात होतं. सिस्टर चौथं बाळ घेऊन उभी होती, पन्नाशीची, रुंद हाडाची, कपाळाला घाम. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र आणि काखेतला कोहळा बघून ती म्हणाली, ‘काचेचं बघाय आलाय व्हय?’ तिच्या बोलण्यावरून ती उत्तर कर्नाटकातली, गोकाक-बागलकोटकडची, हे लगेच कळलं. ‘चार महिनं झालं तक्रार देऊन. आज उगवलाय, ते बी कोहळा घेऊन! दृष्ट काढताय का काय काचंची?’ मी म्हणालो, ‘हो, काचेचंच.’ खोटं नव्हतं ते. ‘चला मग वर. माझ्या मागनं या, आणि बायकांच्या खाटांकडं बघू नका, सरळ खिडकीकडं बघायचं.’ ‘मी खिडकीकडंच बघतो,’ मी म्हणालो. जिना चढताना तिनं सांगितलं की तिचं नाव सावंत्रव्वा, नोकरीला सव्वीस वर्षं झाली, आणि गेला आठवडाभर या जिन्यानं दिवसाला तीस-चाळीस खेपा होतात. ‘गुडघ्याचं पार पीठ झालंय बघा. पर काय करू? वर पोरं निळी दिसत्यात. पिवळ्यात निळं मिसळलं की काय दिसतंय? काही बी दिसत न्हाई. एक आपलं मळकट.’ मी रंगांचं शास्त्र तीन पुस्तकं भरून वाचलंय. त्यात हे वाक्य कुठं नव्हतं.

वॉर्डात शिरलो आणि तोच रंग. सतरा नंबरचा. पश्चिमेची भिंतभर, चौदा तावदानं, एकही धड निळं नाही, एकही धड पांढरं नाही. खाटांवर, भिंतीवर, बायकांच्या हातांवर, स्टीलच्या डब्यांवर, दुपट्यांवर तो मेलेला निळा बसला होता, आणि त्या सगळ्याजणी त्यात अशा आरामात बोलत-हसत होत्या की जणू उजेड असाच असतो. दुपारी ऊन आत येतं म्हणून दोघी-तिघींनी खाटेच्या कडेला साड्या बांधल्या होत्या; छज्जा नव्हता ना. मी तावदानाला बोट लावलं. कोपऱ्यातल्या पेटीतला दिवा हिरवा जळत होता, करंट येत होता-जात होता, यंत्र इमानानं आपलं काम करत होतं. आमच्या प्रयोगशाळेत बारा महिने एसी चालू; इथं दुपारी काच हात लावता येणार नाही अशी तापते. नऊ हजार कशाला, पाच हजारांतच तिनं मान टाकली असणार. मला आधीच ठाऊक होतं हे. नेमकं नव्हतं ठाऊक, पण माणसाला घरातल्या वासावरून कळतं ना, की काहीतरी कुठंतरी कुजलंय, आणि तो ते शोधत नाही, तसं ठाऊक होतं. ‘दुरुस्त हुतंय का?’ सावंत्रव्वानं विचारलं.

दुरुस्त होण्यासारखं होतं. हेच तर. तोच उपाय: उलटा करंट, जरा जोरानं, दोन-तीन दिवस. मी त्या वर्षी चार वेळा करून पाहिला होता आणि चारही वेळा काच कोवळी झाली होती. तो उपाय मी छापला असता, नेत्रावतीचं नाव पुढं घालून छापला असता, तर अशा प्रत्येक पेटीत तो घालूनच दिला असता. महिन्यातनं एकदा रात्री काच आपली आपण निवळली असती आणि या वॉर्डात आज पांढरा उजेड असता. मी जे लपवलं ती चूक नव्हतीच मुळी. औषध होतं ते. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. आणि त्या घामातच, बघा मनाचा निलाजरेपणा, मला वाटलं, मग आत्ताच का नाही? उद्यापासून सुट्टी. पेटीची किल्ली माझ्या खिशातल्या जुडग्यात आहे, अशा सगळ्या पेट्यांना एकच किल्ली. आज फिरवून जायचं. विजयादशमीला इथं लख्ख उजेड. कोणाला कळणार नाही, पोरं वाचतील, पुढच्या पाच ठिकाणी पेटीत गुपचूप बदल करून देऊ. सगळ्यांचं भलंच की! हात खिशात गेलाही होता. जुडगा बोटांना लागला, गार.

‘अकरा नंबर ती,’ सावंत्रव्वा म्हणाली. भिंतीकडची खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. ‘पोरगं छान होतं. पहिलटकरीण बाई, दूध बी पीत होतं. दोन दिवस मी रोज बघितलं, तवा खाली उन्हात न्यायची न्हाई, इथंच हातात घेऊन बघितलं, मला दिसलंच न्हाई. तिसऱ्या दिवशी त्याची आजी त्याला टेरेसवर घेऊन गेली, केळीचं खुंट बांधलेलं दाखवाय म्हणून, आणि वरडत खाली आली. हळदीसारखं पिवळं! मोठ्या दवाखान्यात नेलं, अंगातलं रक्त बदललं. जगलंय. असल्या काविळीनं कान बी जातो; ऐकू येईल का न्हाई ते तीन महिन्यांनी कळंल म्हणं.’ तिनं गुंडाळलेल्या गादीवरची नसलेली सुरकुती हातानं सारखी केली. ‘माझंच डोळं फुटलं हुतं. सव्वीस वर्षांत कधी असं झालं न्हाई. आता मेमो दिलाय. म्हणत्यात, काचेचं कारण सांगू नका, काच उत्तम हाय, पन्नास हजार वेळा तपासलेली हाय, तसा कागद हाय आमच्याकडं.’ मग तिनं साडीवरच्या कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि एकदम आवाज खाली आणून, लाजल्यासारखी म्हणाली, ‘सार, तुम्ही शिकलेलं दिसताय. एवढं जरा वाचून बघता? नीट लिवलंय का? बाराच्या आत कारकुनाला द्यायचाय. सुट्टीनंतर चौकशीवाले येणार हायत, काच बी बघणार हायत.’

काच बी बघणार हायत. मी खिशातला हात बाहेर काढला. सुट्टीनंतर ते येतील, वॉर्डात लख्ख पांढरा उजेड असेल, आणि ते तिला म्हणतील, कुठं आहे हो तुमचा निळा? तिला चाळिशी लावून घ्यायला सांगतील. मी सात वर्षांपूर्वी जे केलं होतं तेच पुन्हा, त्याच सणाला, फूल बदलून. कागद मी उघडला. गोल गोल, शाळकरी अक्षर होतं. ‘बाळाचा रंग पिवळा झालेला दोन दिवस माझ्या लक्षात आला नाही. मला दिसायला हवा होता. चूक माझी आहे.’ खाली तिची पूर्ण सही, गावच्या नावासकट. एका खाटेवरचं मूल रडायला लागलं, कोणीतरी डबा उघडला, लसणाचा वास आला. मला एकदम फार रडू यायला लागलं आणि ते येऊ नये म्हणून मी त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. ‘काय चुकलंय व्हय?’ तिनं घाबरून विचारलं. मी म्हणालो, ‘पेन आहे का?’

मी ‘चूक माझी आहे’ खोडलं. तिची सही खोडली. ‘अहो, अहो! काय करताय हे? माझं लिवायला दोन दिवस गेलं!’ तिनं कागद ओढायचा प्रयत्न केला, मी तो खिडकीच्या कठड्यावर दाबून धरला आणि खाली लिहीत गेलो. घाईत अक्षर तिच्यापेक्षा वाईट आलं. लिहिलं की बाळाचा रंग काचेमुळं दिसला नाही. काच मी केली आहे. ती अशी निळी अडकते हे मला सात वर्षांपासून माहीत आहे, आणि नऊ हजारानंतर ती पन्नास हजारापर्यंत कशी नेली तेही मला माहीत आहे. हे माझ्या आधी नेत्रावती हिनं पाहिलं होतं आणि वहीत लिहिलं होतं. तिला बरोबर दिसलं होतं. काच दुरुस्त होते, मी करून देईन, पण चौकशी होईपर्यंत तिला कोणी हात लावू नये. मीही. मग नाव, प्रयोगशाळा, फोन, सही. तारीख घालताना क्षणभर थांबलो, उगाच. पट्टाभिरामांचा प्रेमळ आवाज आठवला, सुमंगला आठवली, मुलीची कॉलेजची शेवटची दोन वर्षं आठवली. तारीख घातली.

सावंत्रव्वा सावकाश, ओठ हलवत वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी वाट बघत होतो की आता ही ओरडेल, चार बायका गोळा होतील, कोणीतरी हात उगारेल. खरं म्हणजे तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, वर हात ठेवून जागेवर आहे ना ते बघितलं. ‘सात वर्षं,’ ती म्हणाली. ‘हो.’ ‘अकरा नंबरचं पोरगं नऊ दिवसांचं हाय.’ मी मान खाली घातली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, क्षमा वगैरे, तर ती म्हणाली, ‘ते ऱ्हाऊ दे. ते माझ्याजवळ नको, त्याच्या आईजवळ. ती बसलीय मोठ्या दवाखान्यात, जावा तिकडं.’ मग घड्याळ बघून, एकदम कामाच्या आवाजात, ‘दोन पोरं बघायची राहिलीत. एका खेपंत दोन मला धरवत न्हाईत. कोहळा ठेवा तिथं खाली. हात धुवा. ही धरा.’

मी कोहळा अकरा नंबरच्या रिकाम्या खाटेपाशी ठेवला, हात धुतले, आणि तिनं माझ्या हातात एक दुपटं दिलं, त्यात दोन दिवसांची मुलगी. कोहळ्यापेक्षा हलकी होती. जिना उतरताना मी एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत होतो. मागून ती सांगत होती, ‘मान धरा मान, नारळ न्हाई तो.’ खाली उन्हाचा पट्टा आता आक्रसून दोन पायऱ्यांवर आला होता. तिनं आपल्याकडचं बाळ बघितलं, नाक, कपाळ, छाती, ‘हे झकास हाय,’ म्हणाली, आणि माझ्याकडं वळली, पण माझ्या हातातली मुलगी काही घेतली नाही. ‘बघा,’ म्हणाली. मी म्हणालो, ‘मी काय बघणार? मी डॉक्टर नाही.’ ‘रंगाचंच काम करता न्हवं? दाबा अंगठा. हळू.’ उन्हाकडं पाठ होती ती मी फिरवली, दुपटं जरा सोडलं. त्या एवढ्याशा नाकाच्या शेंड्यावर अंगठा टेकवला, दाबला, उचलला. कातडी क्षणभर कोरी झाली, आणि त्या कोऱ्या जागी, रक्त परत यायच्या आत, एक रंग होता. फार थोडा. प्रयोगशाळेत असतो तर म्हणालो असतो, नक्की सांगता येत नाही, अजून चार मोजमापं घेऊ, उजेडाचा परिणाम असेल. मी दुसऱ्यांदा दाबला, उचलला. रस्त्यावरून केळीचे खुंट बांधलेली एक बस हॉर्न देत गेली. ‘काय दिसतंय?’ सावंत्रव्वानं विचारलं. ती मुलीकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती.

‘पिवळी आहे,’ मी म्हणालो.